गोदीत कललेले जहाज

डिसेंबर 2016 चा पहिला आठवडा. नोटाबंदीला महिना होत आला होता. जालन्याच्या मोंढ्यातील उलाढाल मंदावली होती, लोखंडाच्या पेढ्यांवर उधारीखेरीज बोलणे नव्हते आणि बँकांसमोरच्या रांगा सरता सरत नव्हत्या. 5 तारखेच्या रात्री तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे त्या वार्तेने भरून गेली. त्याच दुपारी मुंबईच्या नौदल गोदीत घडलेली दुर्घटना मागे पडली.

जालन्यातील एका वयोवृद्ध लोखंड व्यापाऱ्याच्या नजरेतून मात्र ती सुटली नाही. समुद्राशी त्यांचा संबंध न्हावाशेवा बंदरातून येणाऱ्या भंगाराच्या कंटेनरांपुरताच. पण वजन हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. ‘आयएनएस बेतवा’ ही 126 मीटर लांबीची, 3,850 टनांची युद्धनौका गोदीत एका कुशीवर आडवी झाली होती. त्यांनी वृत्तपत्राच्या कडेला पेन्सिलीने हिशेब मांडला. एका मालमोटारीत 25 टन धरले, तरी दीडशेहून अधिक गाड्यांचे वजन!

ना युद्ध होते, ना वादळ. दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलेले जहाज पुन्हा पाण्यावर तरंगवले जात होते. गोदीत जहाजाचा तळ ठोकळ्यांच्या रांगेवर टेकलेला असतो. पाणी आत सोडले की ते जहाजाला हळूहळू उचलू लागते. पूर्ण टेकलेले जहाज स्थिर असते. नीट भरलेले जहाज पूर्ण तरंगतानाही स्थिर असते. धोका असतो तो मधल्या काही मिनिटांत. निम्मा भार ठोकळ्यांवर आणि निम्मा पाण्यावर असताना, एरवी सहज पेलला जाणारा झोकही जहाजाला पेलवत नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या काळात कोणते यंत्र काढले, कोणते बसवले आणि ते तळापासून किती उंचीवर, याची नोंद ठेवावी लागते. नुसती वजनाची बेरीज जुळून भागत नाही. ‘बेतवा’ ठोकळ्यांवरून घसरली आणि डाव्या कुशीवर कलंडली. ठोकळ्यांच्या व्यवस्थेत बिघाड झाला असावा, असा प्राथमिक अंदाज नौदलाने वर्तवला आणि चौकशी नेमली. दोन नौसैनिक प्राणास मुकले, अनेक जखमी झाले.

उंचीचा हा मुद्दा इटलीतील रिवा त्रिगोसो या किनाऱ्यावरच्या लहानशा गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिला होता. 22 सप्टेंबर 1907 रोजी तेथे ‘प्रिन्सिपेसा योलांदा’ या आलिशान प्रवासी जहाजाचे जलावतरण झाले. एरवी नुसता सांगाडा पाण्यात उतरवतात आणि सजावट नंतर करतात. येथे दालने, फर्निचर, सारे आधीच सजलेले होते. पोटात मात्र कोळसा नव्हता आणि स्थैर्यासाठी लागणारे वजनही नव्हते. जहाज उतारावरून सुरळीत घसरले, पाण्यात शिरले आणि निमंत्रितांच्या डोळ्यांदेखत कलू लागले. तासाभरात ते बुडाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासणाऱ्याला यात काही नवे वाटणार नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळलेल्या असतात, नफाही दिसत असतो. पण कॅश क्रेडिटचा, म्हणजे मालासाठी घेतलेला पैसा इमारतीत गेलेला असतो. तो मागितला की विटा विकून देता येत नाही. अशा पेढ्या बहुधा मंदीत नव्हे, तर विस्ताराच्या वर्षी अडचणीत येतात. हे पाहणाऱ्याला ते आधी दिसते. सांगितलेले ऐकतो कोण, हा वेगळा प्रश्न.

त्या व्यापाऱ्यांच्या घरातही तेव्हा विस्ताराचाच विषय होता. धाकट्या मुलाला नवे गोदाम बांधायचे होते आणि मंदीमुळे कॅश क्रेडिटची मर्यादा न वापरलेली पडून होती.

“बाबूजी, मजूर रिकामे आहेत, सिमेंट उतरले आहे. पैसा नुसता पडून ठेवण्यात काय अर्थ?”

बाबूजींनी उत्तर दिले नाही. घडी घातलेले वृत्तपत्र त्याच्यापुढे सरकवले. मुलाने छायाचित्र पाहिले. “जहाज भंगारात जाईल आता,” तो म्हणाला.

“दोन जण गेले, ते वाचलेस का?”

मुलाने पुन्हा वृत्तपत्र हाती घेतले. त्या दिवशी गोदामाचा विषय पुढे गेला नाही.

जहाज भंगारात गेले नाही. एका अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने फेब्रुवारी 2017 मध्ये ते सरळ उभे करण्यात आले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सेवेत दाखल झाले. मुलाने ही बातमी बाबूजींना स्वतः वाचून दाखवली. गोदामही झाले, दीड वर्षाने, मुदतीचे कर्ज मंजूर झाल्यावर. मुलाच्या मते त्या विलंबात सिमेंट आणि मजुरी दोन्ही महागली. बाबूजींनी ते नाकारले नाही.