उतरताना

सकाळी साडेपाचला मुली कोर्टावर आल्या की मी त्यांना जागच्या जागी दहा उड्या मारायला सांगते आणि स्वतः डोळे मिटून घेते. नागपुरातलं आमचं बास्केटबॉल कोर्ट सिमेंटचं आहे. ते खोटं बोलत नाही. 'धप्प' असा आवाज आला की समजायचं, पोरगी टाचेवर उतरली, गुडघा ताठ राहिला आणि सगळा भार सांध्याने झेलला. 'टप' असा हलका आवाज आला की पंजा आधी टेकला, मग टाच, गुडघे वाकले आणि भार मांड्यांनी घेतला. त्यानंतर डोळे उघडून समोरून बघायचं ते एकच, उतरताना गुडघा आत वळतोय का. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. आत वळला की मी तिथेच थांबवते. "ताई, आज बॉल मिळणार का?" हे रोजचं गाऱ्हाणं. मिळेल, पण आधी उतरायला शिका.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. 2000 साली मी एकोणीस वर्षांची होते, सेंटर खेळायचे. एका स्पर्धेत रिबाउंड घेऊन एका पायावर उतरले, गुडघा आत वळला आणि सुकलेली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. बाकावर बर्फ लावला, वर क्रेप बँडेज आलं. "मुरगळलंय, बांध आणि उतर," असं सांगण्यात आलं. मी दुसऱ्या हाफमध्ये खेळलेसुद्धा. लिगामेंट तुटलंय हे कळायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत कूर्चाही झिजली.

त्याच वर्षी, माझ्याच वयाची एक सेंटर सिडनी ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून रौप्यपदक जिंकली. लॉरेन जॅक्सन, अल्बरीची. उंची 196 सेंटिमीटर. आई-वडील दोघेही देशाकडून बास्केटबॉल खेळलेले, पाठीवरचा 15 नंबर आईचा. उंच मुलीने रिंगखालीच उभं राहायचं, हे आमच्या मनावर बिंबवलेलं. ही मात्र बाहेर येऊन तीन पॉइंटचे शॉट मारायची. 2001 मध्ये सिएटल स्टॉर्मने तिला डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलं. 2004 आणि 2010 ची विजेतेपदं, 2003, 2007 आणि 2010 अशी तीनदा सर्वोत्तम खेळाडू. तिच्या सामन्यांच्या चित्रफिती मी नंतर जमवून जमवून पाहिल्या. बचावपटूच्या पाठीशी टेकून, खांदा एकीकडे दाखवून दुसऱ्या बाजूने वळण्याचं तिचं पाऊल मी मुलींना अजून दाखवते.

पण मला तिच्या पदकांपेक्षा तिचं कॅलेंडर जास्त काही सांगतं. डब्ल्यूएनबीएचा मोसम उन्हाळ्यातला, चार-पाच महिन्यांचा. त्या काळात तिथल्या अव्वल खेळाडूलाही वर्षाला साधारण लाखभर डॉलरच मिळायचे. म्हणून हिवाळ्यात बाहेर जायचं. लॉरेन मायदेशी कॅनबेराकडून खेळली, दक्षिण कोरियात खेळली, मॉस्कोजवळच्या स्पार्टाककडून खेळली आणि मध्ये मध्ये देशाची जर्सी होतीच. शेतकरीसुद्धा जमिनीला एखादा हंगाम विसावा देतो. या बायकांच्या शरीराला तो हंगामच मिळत नव्हता. 2015 मध्ये डब्ल्यूएनबीएतल्याच डायना टॉरासीला तिच्या रशियन क्लबने अमेरिकेतला मोसम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले, ही बातमी वाचली तेव्हा मला नवल वाटलं नाही. हिशेब समजणारा कुणीतरी भेटला, एवढंच वाटलं.

लॉरेनचा घोटा गेला, पाठ गेली, 2014 मध्ये गुडघ्याचं, माझं तुटलं होतं तेच लिगामेंट तुटलं आणि 2016 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. तिच्याकडे डॉक्टर होते, फिजिओ होते, लाकडी कोर्ट होतं. तरीही.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ आहे. 2022 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असलेली लॉरेन सिडनीच्या विश्वचषकात परत आली. कांस्यपदकाच्या सामन्यात बाकावरून उठून तिने कॅनडाविरुद्ध 30 गुण केले. 2024 ला पॅरिसमध्ये तिला पाचवं ऑलिम्पिक पदक मिळालं. कॅनडाविरुद्धचा तो सामना पाहताना मी रडले होते. तरी मुलींना ही गोष्ट 'जिद्द असली की सगळं जमतं' अशी सांगायला मी तयार नाही. मधली जी वर्षं गेली ती जिद्द कमी पडली म्हणून गेली नाहीत.

आपल्याकडून डब्ल्यूएनबीएच्या दारापर्यंत केरळची गीतू अॅना जोस पोहोचली. मेलबर्नमध्ये रिंगवूडकडून खेळली आणि 2011 मध्ये तिथल्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही. आमच्या बहुतेक मुलींसाठी मात्र बास्केटबॉलचं टोक म्हणजे खेळाच्या जोरावर मिळणारी रेल्वेतली नोकरी, आणि मी त्याला कमी लेखत नाही. त्या नोकरीवर भावाचं शिक्षण होतं, घराचं छप्पर होतं. सतराव्या वर्षी गुडघा गेला की त्या घराचं पुढचं सगळं गणित मोडतं. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि नीट उतरण्याचा सराव व मांड्यांची ताकद यांनी ती कमी होते, हे क्रीडावैद्यक कधीचं सांगतंय. त्याला महागडं साहित्य लागत नाही. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं लागतात.

तालुक्या-जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. ही पंधरा मिनिटं शिबिराच्या वेळापत्रकात लिहूनच टाका. आणि एखादी मुलगी गुडघा धरून खाली बसली, तर तिला त्या दिवशी पुन्हा कोर्टात उतरवू नका.