पाव मैलाची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याही पडल्या, परंतु अमेरिकेंत असलेल्या आमच्या नातवानें हा नाद धरल्यावर आम्हीं त्याचे नियम समजून घेतले. वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापिली, ती तरुणांस सार्वजनिक रस्त्यावरून धांवपट्टीवर आणण्यासाठींच. घरीं परततांना तो वेग रस्त्यावर नको, ही आमची एकच अट.

धांव पाव मैलाची, म्हणजे सुमारें ४०२ मीटर. नवशिक्यानें रोजचीच मोटार न्यावी. चाकें तापविण्यासाठीं भिजविलेल्या जागेस वळसा घालावा. साध्या टायरांच्या खांचांतलें पाणी आरंभरेषेवर सांडतें. वातानुकूलन आधींच बंद करावें, तेंही ठिबकतें. शिरस्त्राण व पट्टा यांविषयीं वाद नको.

खरी मौज दिव्यांत आहे! तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानें लागतात, मग हिरवा. हिरव्याची वाट पाहणारा मागें राहतो. उतावळ्यास तांबडा दिवा बाद करतो. मोटार हलल्यावरच तिचें घड्याळ सुरू होतें. म्हणून उत्तम वेळ नोंदवूनही उशिरां निघालेला हरूं शकतो.

‘ब्रॅकेट’ प्रकारांत तर आपली वेळ आपणच आधीं लिहून द्यावयाची. मंद मोटारीस तेवढी आघाडी मिळते, आणि लिहिल्याहून जलद धांवलें तर बहुधा पराभवच. यास्तव सरावाच्या फेऱ्या पुष्कळ कराव्या, प्रत्येक फेरीची चिठ्ठी जपावी, आणि तिच्यावर तपमानही टिपावें. ऊन वाढलें कीं हवा विरळ होऊन मोटार मंदावते.