राजा पुढे, हत्ती मागे

पन्नाशी उलटल्यावर मी बुद्धिबळ शिकायला घेतले, तेव्हा खात्यातल्या मंडळींनी थोडी थट्टा केली. नोकरी नांदेड-लातूर भागात फिरतीची, शिक्षण शेतीचे. पटावरची माझी गुरू म्हणजे लातूरला दहावीत शिकणारी पुतणी. १९८१ साली आशियाई महिला विजेतेपद मिळवणाऱ्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर आणि २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, ही दोन नावे सदा तिच्या तोंडी.

सोंगट्यांच्या चाली दोन दिवसांत येतात. खरी गंमत पुढे आहे. त्यातली एक युक्ती मला फार पटली. इंग्रजीत तिला 'स्क्यूअर' म्हणतात, म्हणजे सळई. एका सळईत दोन कणसे ओवावीत, तशा एका चालीत दोन सोंगट्या सापडतात.

पटावर मांडूनच पाहा. पाचव्या आडव्या ओळीत मध्यावर काळा राजा ठेवा. त्याच ओळीत डाव्या टोकाला काळा हत्ती. मधली घरे मोकळी. आता पांढरा हत्ती उजव्या टोकाला आणा. राजाला शह बसला. या मांडणीत शह बसला की राजाला हलणे भागच असते. तो ओळीतून सरकला, की मागचा हत्ती आयता मारला जातो.

"काका, राजा तर हलणारच," पुतणी म्हणाली. "तो हलल्यावर मागं कोण उघडं पडतं, ते आधी बघायचं."

हे काम लांबवर सरळ धावणाऱ्यांचे, म्हणजे हत्ती, उंट आणि वजीर यांचे. घोड्याला किंवा प्याद्याला ते जमत नाही.

ऐकता ऐकता मला लोहा तालुक्यातले एक घर आठवले. कर्ता माणूस आजारी पडला. दवाखाना टाळण्यासारखा नव्हता. माणूस वाचला, पण ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी बाजारात गेली. माणूस वाचवायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या मागे, त्याच ओळीत, बैलजोडीच तेवढी उभी होती.

पटावर हत्ती एक घर बाजूला ठेवला की भागते. संसारात ही तजवीज शह बसण्याआधी करावी लागते. सुगीचा पैसा हाती आला की थोडा पोस्टात टाकावा आणि दुखण्याखुपण्याखेरीज त्याला हात लावू नये. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजले, तरी तूर अजून रानात उभी असते. दोन्ही पिके एकाच शहात सापडत नाहीत.

बुद्धिबळाचा पट काही महाग नसतो. जेवणे उरकली की लेकीसुनांना, पोरांना घेऊन ओट्यावर बसा. त्यांनी शह दिला तर राजा जरूर हलवा. पण हलवण्याआधी त्याच्या मागे कोण उभे आहे, तेवढे पाहा.