गेरूवरची छापील रेघ

मोखाडा, रविवार

जव्हारच्या बाजारातून दीडशे रुपयांना एक पोस्टर आणलं. वारली चित्रातला तारपा नाच, जाडसर कागद, गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी. डोळ्यांजवळ धरलं तर रेघ सगळीकडे एकाच जाडीची, कॉम्प्युटरवर काढलेली. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि तांदळाच्या पिठाने रेघ ओढायची, म्हणजे ती कुठे दाटते, कुठे विरते. कुडाच्या भिंतीवर तर जास्तच. ती गंमत इथे नाही. तरी पोस्टर आवडलं, हे खरं.

मुळात वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहितात, मधोमध पालघाट देवी. लग्न पार पडलं की चित्राचं काम संपलं. ते कागदावर आलं १९७०च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरले तेव्हापासून. मग डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशांचं मूळ चित्र माझ्या पगारात कुठलं बसायला!

स्वस्त छापील चित्रांचं आपल्याला नवल नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. पण चित्र कोणाचं, हे लोकांना ठाऊक असायचं. माझ्या पोस्टरवर बारकोड आहे, चित्रकाराचं नाव नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ही जागा कोरीच.

पुढच्या खेपेला इथल्याच कुणा चित्रकाराकडे सही केलेली प्रत मागेन. शंभर-दोनशे जास्त गेले तर गेले.