जागे होणाऱ्या उपकरणाची स्मृती

सस्पेंडमध्ये संगणकाची रॅम तेवढी जागी राहते. एसीपीआयच्या भाषेत ही एस-३ अवस्था. बाकी बहुतेक उपकरणांची वीज जाते आणि विजेबरोबर त्यांच्या रजिस्टरांतला मजकूरही. तो आधी रॅममध्ये जपणे आणि जाग आल्यावर परत लिहिणे हे ड्रायव्हरचे काम.

पीसीआय कॉन्फिगरेशन स्पेसपुरते ते लिनक्सचा कर्नलच करतो. बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरे आधी, कमांड रजिस्टर नंतर. पत्ता ठरण्याआधी मेमरी खुली केली, तर उपकरण भलत्याच पत्त्यावर उत्तर देऊ लागेल.

खरी डोकेदुखी उपकरणाच्या आतल्या रजिस्टरांची. काहींत फक्त लिहिता येते. काही वाचताक्षणी कोरी होतात. स्टेटस रजिस्टरांत तर अनेकदा १ लिहिणे म्हणजे तो बिट पुसणे. जपलेला आकडा इमानाने परत लिहिला, की नुकतीच आलेली सूचना गायब. त्यात क्रम आलाच. पीएलएल (क्लॉक घडवणारे सर्किट) स्थिरावण्याआधी क्लॉक त्याच्यावर वळवला, तर सगळे आकडे बरोबर असूनही चिप मुकी. सगळी रजिस्टरे एका लूपमध्ये उचलून तशीच परत ठेवणारा कोड दिसतो सुबक, असतो आळशी. उपकरणाला काय सांगितले होते ते ड्रायव्हरने स्वतःजवळच टिपावे आणि जाग आल्यावर पहिल्यापासून मांडणी करावी. अनेक ऑडिओ कोडेकचे ड्रायव्हर लिनक्सच्या रेगमॅप या सोयीच्या कॅशमधून रजिस्टरे पुन्हा भरतात, तेही याच विचाराने.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची मिरवण्याची जागा एकच: यंत्र किती चटकन जागे होते. उपकरणाला डी-३ हॉट या झोपेतून डी-० या जागृत अवस्थेत येताना पीसीआयच्या नियमाने १० मिलिसेकंद थांबावे लागते. तेवढेही छाटण्याचा मोह जाणत्यांना सुटत नाही. असा ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर पळतो आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अडकतो. चटकन जागे होण्याच्या याच ओढीने हल्ली अनेक लॅपटॉपांत एस-३ उरलेलेच नाही. त्याजागी आलेल्या अर्धवट झोपेत यंत्र कधीकधी बॅगेतच तापते. याला प्रगती म्हणवत नाही.

रिझ्युममध्ये, म्हणजे जागे होताना, अडकलेल्या यंत्राचा माग काढणे अवघड. स्क्रीन काळी, सिरीअल पोर्ट झोपलेला, आणि रीसेट केले की रॅममधली नोंद जाते. २००६ मध्ये लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी यासाठी पीएम-ट्रेस आणले. बॅटरीवर चालणारे रिअल टाइम क्लॉक रीसेटनंतरही टिकते, म्हणून तारीख-वेळेच्या जागी अडकल्या ठिकाणाचा हॅश लिहायचा. पुढच्या बूटला कर्नल त्यावरून संशयित उपकरण लॉगमध्ये दाखवतो. चाचणी आटोपली की घड्याळ मात्र आठवणीने लावून घ्यावे, कारण तारीख पार बिघडलेली असते.