शून्य आयनांची फिल्म

आयन-बीम विश्लेषणाचं कौतुक करताना ‘यात नमुन्याला धक्का लागत नाही’ असं आम्ही सर्रास म्हणतो. सिलिकॉनवरचा सोन्याचा थर दोन एमईव्हीच्या हेलियमने मोजायचा असेल, तर ते बव्हंशी खरंही आहे. गॅलियम नायट्राइडची फिल्म समोर आली की मात्र मी हे वाक्य गिळतो.

गॅलियमचा अणुक्रमांक ३१, नायट्रोजनचा ७. आयन मागे उसळण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे हेलियमला नायट्रोजन जेमतेम विसाव्या हिश्श्याने दिसतो. मग शंभर एमईव्हीच्या आसपासचे चांदीचे किंवा सोन्याचे आयन तिरपे मारायचे आणि फिल्ममधून पुढे उडालेला नायट्रोजन मोजायचा. हे जड आयन दर नॅनोमीटरला हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ओतत जातात. बंध तुटतात, सुटलेल्या दोन नायट्रोजन अणूंची गाठ पडली की रेणू होऊन ते निर्वातात पसार! गॅलियम मागेच राहतं. हायड्रोजनयुक्त अस्फटिक सिलिकॉनचीही तीच गत. तिथे सिलिकॉनचे लोंबते बंध हायड्रोजन मिटवतो, सौरघटाची सारी मदार त्याच्यावर, आणि बीमखाली नेमका तोच निसटतो.

शेवटी जमलेल्या स्पेक्ट्रममध्ये याचा मागमूसही नसतो. तो देखणाच दिसतो. म्हणून डिटेक्टरची प्रत्येक नोंद तिच्या क्रमानेच साठवायची. नंतर मोजणीचे तुकडे पाडले की गॅलियमची रेघ सपाट दिसते आणि नायट्रोजनची उतरत जाते. ती उतरण मागे नेऊन, एकही आयन पडला नसताना ती कुठे असती, ते काढायचं. गोम अशी की ज्यांच्यावर सगळा हिशेब टेकतो ते सुरुवातीचे तुकडे बारीक पाडावे लागतात, त्यामुळे त्यांत काउंट थोडे, म्हणजे अनिश्चितता जास्त. मोठ्या कोनात पाहणारा डिटेक्टर असला तर थोडक्या आयनांत भागतं. बीमचा स्पॉट सरकवत राहण्याचीही युक्ती आहे, पण त्यासाठी फिल्म सगळीकडे सारखी हवी, आणि कडेला ती बहुधा तशी नसते.

नायट्रोजन कमी भरला की पहिला संशय फिल्म वाढवणाऱ्यावर जातो. त्याच्या भट्टीचं तापमान, वायूचा प्रवाह, सगळं उकरलं जातं. म्हणून विद्यार्थी तक्ता घेऊन आला की मी आधी विचारतो, दर चौरस सेंटिमीटरला किती आयन पडले? तो रकाना नसेल तर भट्टीवाल्याला फोन करायचा नाही.