मासवणची पाहुणी आणि तिची परडी

पालघर स्टेशनबाहेर मनोरकडे जाणारी एस.टी. मिळाली, की खिडकीची जागा पकडावी. गाव मागे पडतं, रस्ता चढू लागतो आणि वाघोबाची खिंड येते. वाघाला देव मानणारा हा वारल्यांचा मुलूख. खिंडीत माकडांचा सुळसुळाट, म्हणून हातातली खाऊची पिशवी मांडीवर घट्ट धरायची. पावसाळ्यात गेलात तर डोंगरावरून कोसळणारा धबधबा दिसेल. खिंड उतरली, की भातखाचरं आणि झाडीत लपलेले पाडे दिसू लागतात, आणि आपण मासवणला येतो. सूर्या नदी इथूनच वाहते आणि पुढे वैतरणेला मिळते.

वसई-विरारच्या मैत्रिणींना एक गंमत सांगते. तुमच्या नळाला येणारं सूर्येचं पाणी धामणी धरणातून नदीवाटे येतं आणि मासवणच्या बंधाऱ्यावरून पंपाने तुमच्याकडे जातं. म्हणजे गाव पाहिलं नसलं, तरी गावाचं पाणी तुम्ही रोज पिता! हा प्रकल्प मुळात इथल्या शेतीसाठी योजलेला. पाणी शहरांकडे वळलं याची खंत इकडच्या माणसांच्या बोलण्यात अजून येते, आणि ती खोटी नाही.

या मासवणला आमच्या थोरल्या जाऊबाईंची वाडी आहे. मुलं आपापल्या संसाराला लागली, मोठं घर रिकामं पडलं. तेव्हा त्यांनी पाच खोल्या नीट करून विसाव्याला येणाऱ्यांसाठी मोकळ्या केल्या. सकाळी योगासनं, साधं जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी नदीपर्यंत फेरफटका. आठ दिवसांची एक तुकडी. पूर्वी आपण याला हवापालट म्हणत होतो. कुणी वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जाई, कुणी उरुळीकांचनला. तिथलं निसर्गोपचार केंद्र गांधीजींनी १९४६ साली सुरू केलं आणि मणिभाई देसाईंनी ते वाढवलं. आता सगळ्यालाच वेलनेस रिट्रीट म्हणतात, आणि अशा ठिकाणी खोलीत पाऊल टाकताच स्वागताची भेट ठेवलेली असते. वहिनींच्या लेकीने फोनवरून बजावलं, "आई, वेलकम गिफ्ट हवंच." मग वहिनींनी मला बोलावून घेतलं.

मी पोचले तेव्हा ओटीवर वहिनींची यादी तयार होती. सुगंधी साबण, अत्तराची कुपी, अगरबत्तीचा पुडा, दिंकाचे लाडू, वारली चित्राचा कप, आणि बायकांसाठी खण, नारळ, बांगड्या, कुंकवाचा करंडा. माणशी खर्च सहज सातशेच्या वर जात होता.

"वहिनी, येणार आहेत कोण?" मी विचारलं.

त्यांनी वही काढली. बोईसरच्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना मधुमेह. वसईच्या एक ख्रिस्ती बाई, अर्धशिशीने बेजार झालेल्या. दोघी सख्ख्या बहिणी, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करून थकलेल्या. तारापूरकडचं एक जोडपं. आणि डोंबिवलीच्या एक बाई, मागच्या वर्षी यजमान गेले म्हणून मुलाने बळेच पाठवलेल्या.

आता यादी पुन्हा वाचा. अर्धशिशीवालीला अत्तर आणि अगरबत्ती! मधुमेहवालीला लाडू! पण ही चूक सुधारायला सोपी. नाव नोंदवतानाच पथ्य काय, वास कुठला सोसत नाही, कशाची ॲलर्जी आहे का, हे विचारून ठेवायचं, की झालं. खरा अडला तो खण आणि करंडा.

वहिनी म्हणाल्या, "अगं, पाहुणीला रिकाम्या ओटीने पाठवायची रीत आहे का आपल्यात? त्या डोंबिवलीच्या बाईंना वेगळं काहीतरी देऊ. पुस्तक वगैरे."

त्या "वगैरे"नेच मला टोचलं. पाच जणींच्या खोल्यांत बांगड्या खुळखुळणार आणि सहावीच्या खोलीत एक पुस्तक. सकाळी सगळ्याजणी एकत्र जेवायला बसणार, हिला खण कुठल्या रंगाचा मिळाला, तिला कुठल्या, ही बोलणी होणारच. जी बाई दुःख विसरायला म्हणून घर सोडून इतक्या लांब आली, तिला पहिल्याच तासात आपण कोण ते पुन्हा सांगायचं? वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात थांबलेल्या मावश्या-आत्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात.

वहिनींना मी हेरवाडची आठवण दिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. "एक अख्खं गाव ठराव करतं, आणि आपल्या पाच खोल्यांना जमू नये?"

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ओटी मी सोडणार नाही. पण भरीन ती सगळ्यांची भरीन." आणि हा तोडगा माझ्यापेक्षा शहाणा होता. तांदूळ तर कुणालाही देता येतो. निघायच्या दिवशी प्रत्येकीला, आणि त्या जोडप्यातल्या यजमानांनासुद्धा, सुती पिशवीत पाव किलो वाडा कोलम. कुंकवाचा करंडा दाराजवळच्या कोनाड्यात आरशापाशी ठेवायचा. जिला हवं ती लावील. खण-बांगड्या यादीतून गेल्या.

वाडा कोलमबद्दल थोडं सांगायला हवं. शेजारच्या वाडा तालुक्यातला हा बारीक दाण्याचा तांदूळ. तिकडे त्याला झिनी म्हणतात. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उतारा कमी, म्हणून भाव जास्त, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली दुकानांत भलताच तांदूळ खपतो. भेट द्यायची तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, नाहीतर साधा तांदूळ साधा म्हणून द्या.

बरं, जाताना तांदूळ ठरला. येताना काय? इथे माझं मत स्पष्ट आहे. स्वागताची वस्तू त्या आठ दिवसांत हाताशी लागणारी हवी. घरी नेऊन कपाटात ठेवायची वस्तू म्हणजे बाईच्या डोक्याला आणखी एक ताप. ती पुसायची कोण? तीच!

मग आम्ही मासवणच्या आठ दिवसांचाच विचार केला. संध्याकाळी नदीकडून डास येतात: डासांच्या मलमाची लहान ट्यूब. अंगणात अंधार, सापकिरडाची भीती: प्रत्येक खोलीत बॅटरी, पण ती वापरायला, परत ठेवायची. आंघोळीला मऊ सुती पंचा. एक चाळीस पानी वही आणि पेन्सिल. मनातलं लिहायला नाही तर हिशेब लिहायला, कुणाला काय सुचेल ते. पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी. पावसाळ्यात दाराशी दोन इरली टांगलेली. बांबूची आणि पानांची ही इरली शेतात वाकून काम करणाऱ्या बायका डोक्यावरून पाठीवर घेतात. शहरातल्या पाहुण्यांना ती घालून फिरण्यात जी मजा येते ती छत्रीत नाही.

हे सगळं कशात ठेवायचं? परडीत. इकडे बांबूकाम करणाऱ्या बायका आहेत. वसई तालुक्यात भालिवलीला तर सेवा विवेक ही संस्था आदिवासी बायकांना बांबूच्या वस्तूंचं शिक्षण देते. तिथे तयार झालेल्या बांबूच्या राख्या बऱ्याच जणींनी पाहिल्या असतील. आमच्या शेजारच्या पाड्यावर एक बाई परड्या विणतात, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी एका परडीचे साठ रुपये सांगितले. माझ्या तोंडावर सवयीने "पन्नास लावा" आलंच होतं, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "एका परडीला किती वेळ जातो?" बांबू आणणं, चिरणं, कामट्या काढणं, त्या तासणं आणि मग विणणं, असं सगळं मोजलं तर दिवसाला चार-पाच परड्या जेमतेम. त्यातही बांबूचे पैसे वजा. वहिनींनी ऐंशी कबूल केले आणि निम्मे पैसे हातावर ठेवले. मी मनातल्या मनात हिशेब केला, तेव्हा वहिनींचा तो सुगंधी साबणच एकटा दीडशेचा होता.

मात्र त्या बाईंनी एक अट घातली. आषाढात मागाल तर मिळणार नाही. तेव्हा आवणी असते, सगळ्या बायका चिखलात. शिवाय पावसात ओल्या बांबूला बुरशी धरते. तेव्हा वर्षभराच्या परड्या उन्हाळ्यात करून, सुकवून, माळ्यावर टाकायच्या. हाताच्या वस्तूला हंगाम असतो, हे दुकानात उभं राहून कळत नाही.

वारली चित्राच्या कपाचं काय झालं ते राहिलंच. या चित्रकलेला गाव ओळखतं ते लग्नाच्या चौकामुळे. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात, मध्ये पालघाट देवी असते, आणि लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच. ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली ती डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आता तीच नाचणारी माणसं कारखान्यात छापून कपावर, चपलेवर, पायपुसण्यावरसुद्धा येतात. पायपुसणं मात्र मला बघवत नाही. वारली चित्र द्यायचंच तर पोस्टकार्डाएवढं, हाताने काढलेलं, काढणारीचं नाव मागे लिहिलेलं. आणि देवीचा चौक नको, भाताची कापणी, तारपा वाजवणारा, मोराचं झाड, असलं काही. आम्ही तेच घेतलं. वहीच्या पानात खूण म्हणून ठेवायला छान.

फळांचं गणित वेगळं. जून लागता लागता बहाडोलीची टपोरी जांभळं येतात. बहाडोली आपल्याच पालघर तालुक्यातलं. ती दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून पळसाच्या पानाच्या द्रोणात घालून आल्या दिवशीच पुढे करायची. डहाणू-घोलवडचा चिकू परतीच्या वाटेसाठी, थोडा कडक बघून. पिकलेला दिलात तर लोकलच्या गर्दीत पिशवीचा चिखल. मधुमेहवाल्या बाईंना चिकूऐवजी कडधान्याची पुडी द्यायची, पण तीही तसल्याच पिशवीत, म्हणजे बाहेरून सगळ्यांची सारखी.

विक्रमगडकडचा मोगरा बाजारात येतो तेव्हा वहिनींना गजऱ्यांचा मोह झाला. पुन्हा तोच प्रश्न. शेवटी काशाच्या वाडग्यात पाणी घालून त्यात सुटी फुलं, प्रत्येक खोलीत. ज्या पाहुणीला गजरा करावासा वाटला तिने सुईदोरा मागितला. अर्धशिशीवाल्या बाईंच्या खोलीत मात्र फुलांऐवजी नुसती तुळशीची कुंडी.

पालघरजवळ अल्याळीला विपश्यनेचं केंद्र आहे. तिथला कायदा आपल्याहून उलटा: दहा दिवस मौन, मोबाईल, पुस्तक, वही सगळं आल्याबरोबर जमा करायचं, फी नाही, शिबिर पुरं केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. भेट म्हणून काहीच नाही. तिथे जाऊन आलेल्या माझ्या एका मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "दहा दिवस आज भाजी काय करू हे कुणी विचारलं नाही, यापरती भेट काय हवी?" हे मी वहिनींना सांगितलं, आणि त्यांनी पाहुण्यांसाठी नियमच केला, की स्वयंपाकघरात मदतीला यायचं नाही. दोघी बहिणी पहिल्या दिवशी सवयीने पोळ्या लाटायला आल्या, त्यांना चक्क हाताला धरून बाहेर झोपाळ्यावर बसवलं.

तुकडी आली त्या दिवशी मी होते. गाडीतून उतरल्यावर कुणाच्याही हातात आधी परडी दिली नाही. पायावर पाणी, बसायला चटई, आणि गूळपाणी. मधुमेहवाल्या बाईंना गुळाऐवजी कोकमाचं, बिनसाखरेचं. परडी खोलीत उशाशी होती. डोंबिवलीच्या बाई तासाभराने बाहेर आल्या त्या पंचा खांद्यावर टाकून, वही हातात घेऊन, आणि नदीकडची वाट विचारू लागल्या. जाताना ओटीच्या तांदळाला त्यांनी पदर पुढे केला. वहिनींचा हात किंचित थरथरला, पण ओंजळ सगळ्यांइतकीच भरली.

माणशी खर्च विचाराल तर परडीचे ऐंशी, पंचा, वही, मलम, चित्र आणि तांदूळ धरून साडेतीनशेच्या आतबाहेर. दिवाळीनंतरच्या तुकड्यांसाठी चाळीस परड्या सांगून ठेवल्यात. त्यातल्या दहा झाकणाच्या हव्यात, कारण माकडं खिंडीतून आता वाडीपर्यंत येऊ लागलीत.